विसरलं तर काय होईल?

सदाशिव पेठ, पुणे ३०
आषाढ शुद्ध दशमी

चि. चिऊस,


परवा रात्री फोनवर तुझा आवाज एवढासा झाला होता. हिंजवडीत नोकरीला लागून दोन महिने झाले, बरोबरच्या मुलांना नवी फीचर्स मिळाली, आणि तुझ्या वाट्याला आलं सेटिंग्जची फाईल नीट करण्याचं काम. "काका, हे म्हणजे दुसऱ्यांच्या स्वयंपाकानंतरची भांडी घासणं आहे," असं तू म्हणालीस. तेव्हा उशीर झाला होता आणि तू दमली होतीस, म्हणून काही बोललो नाही. आज सवडीने लिहितो आहे. मी सव्वीस वर्षं सर्व्हर सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो, तुला मिळालेलं काम हलकं नाही. तुमच्या टीममधलं सर्वांत जबाबदारीचं काम तेच आहे.

तुमच्या कॉलेजने पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका केली होती ते आठवतं ना? तालमी बघायला मी दोनदा आलो होतो. तालमीत तू वाक्य विसरलीस की सगळे थांबायचे, दिग्दर्शक ओरडायचा, कुणीतरी संहितेचं पान उघडून दाखवायचं. ते तसंच असायला हवं होतं, कारण चूक उघडी पडावी म्हणूनच तालीम असते. मग झाली रंगीत तालीम. वेशभूषा, प्रकाश, संगीत सगळं प्रयोगासारखं, फक्त समोरच्या खुर्च्या रिकाम्या. आणि मग भरत नाट्य मंदिरात तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. संहिता तीच होती, एक शब्द बदलला नव्हता. पण आता वाक्य विसरलं तर विंगेतून हळूच आठवण करून द्यायची, प्रेक्षकाला ऐकू जाता कामा नये.

डेव्हलपमेंट म्हणजे तालीम, स्टेजिंग म्हणजे रंगीत तालीम आणि प्रॉडक्शन म्हणजे प्रयोग. कोड ही संहिता, ती तिन्हीकडे एकच. बदलतं ते भोवतीचं: डेटाबेस कोणता, पासवर्ड कोणता, ईमेल खरंच जायचं की नुसतं पडद्यावर छापायचं, चूक झाली तर ती कुणाला आणि किती दाखवायची. या भोवतीच्या गोष्टी म्हणजे सेटिंग्ज. त्या चुकल्या की उत्तम संहितेचाही भर प्रयोगात विचका होतो.

तू जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कवर काम करतेस, म्हणून त्यातलंच उदाहरण घेतो. नवा प्रोजेक्ट सुरू केलास की जँगो तुला जी फाईल तयार करून देतं तिच्यात डीबग चालू असतं. वरच्या ओळीत प्रॉडक्शनमध्ये हे चालू ठेवू नका, अशी सूचनाही लिहिलेली असते. डीबग चालू असताना कोड फुटला तर पिवळ्या पट्टीचं एक लांबलचक पान येतं. कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीवर घोटाळा झाला, तिथे कोणकोणती व्हेरिएबल्स होती, त्यांत काय भरलेलं होतं, सगळं त्यावर असतं. तुझ्या लॅपटॉपवर या पानासारखा मित्र नाही. प्रॉडवर मात्र तेच पान म्हणजे घराच्या कपाटाचं दार रस्त्याकडे उघडं ठेवणं.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका तपासणी केंद्रासाठी वेळ नोंदवण्याचं ॲप केलं होतं. लाइव्ह जाताना मी स्वतः सर्व्हरवरच्या एन्व्ही फाईलमध्ये, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स जिथे लिहितात त्या फाईलमध्ये, डीबग 'फॉल्स' असं लिहिलं, दोनदा तपासलं आणि निश्चिंत घरी गेलो. तीन आठवड्यांनी एका बाईंचा त्या केंद्राला फोन आला. अपॉइंटमेंट घेताना पिवळं पान आलं होतं. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून पाठवला होता, तो माझ्यापर्यंत पोचला. त्या पानावरच्या व्हेरिएबल्समध्ये त्या सकाळच्या यादीतली इतर माणसं होती. नावं, मोबाइल नंबर आणि कोणती तपासणी करायची आहे ते. त्यातली एक तपासणी अशी होती, की ती आपण करून घेतो आहोत हे माणूस घरातसुद्धा सांगत नाही.

डीबग बंद केलेलं असताना हे झालं कसं? तर ते बंद झालेलंच नव्हतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जे येतं ती नेहमी अक्षरांची माळ असते. 'फॉल्स' हा शब्द म्हणजे पाच रोमन अक्षरांची माळ, आणि पायथॉनच्या लेखी जी माळ रिकामी नाही ती खरी. आमचा कोड विचारत होता, काही लिहिलेलं आहे का? उत्तर येत होतं, आहे. म्हणून डीबग चालू. मी 'बंद' असं लिहिलं आणि यंत्राने ते 'काहीतरी लिहिलं आहे' एवढंच वाचलं. त्या बाईंनी तक्रार केली नाही, उलट दुसऱ्यांची नावं दिसली म्हणून त्याच ओशाळल्या होत्या. मला आजही तो फोटो डोळ्यांसमोर दिसतो.

त्या दिवसापासून प्रत्येक सेटिंगला मी एकच प्रश्न विचारत आलो आहे, आणि या पत्रात तुला द्यायचं ते एवढंच: *हे कुणी लिहायला विसरलं, किंवा चुकीचं लिहिलं, तर काय होईल?*

माणूस विसरणारच. रात्री अकराला डिप्लॉय चालू असताना, नवा सर्व्हर घाईने उभा करताना, जुना माणूस सोडून गेल्यावर विसरणारच. तेव्हा विसरू नका अशी पाटी लावून भागत नाही. विसरलं तरी घर सुरक्षित राहील अशी कडी बसवावी लागते.

यासाठी सेटिंग्जचे दोन ढीग कर. पहिल्या ढिगात चालू-बंदची बटणं. काही लिहिलंच नाही तर धरायचं उत्तर, म्हणजे डिफॉल्ट, नेहमी सुरक्षित बाजूचं असू दे. डीबगसाठी नेमका 'ट्रू' हा शब्द सापडला तरच चालू. रिकामं असेल, स्पेलिंग चुकलं असेल, ओळच नसेल, तर बंद. तुझ्या लॅपटॉपवर तुला एक ओळ जास्त लिहावी लागेल, एवढीच किंमत. दुसऱ्या ढिगात डेटाबेसचा पासवर्ड, सिक्रेट की, पेमेंट गेटवेची चावी. यांना डिफॉल्ट असूच नये. सापडली नाही तर ॲपने सुरूच होऊ नये आणि कोणती ओळ गायब आहे ते स्पष्ट सांगून थांबावं. सकाळी दहा वाजता सर्व्हर उठला नाही तर अर्धा तास बोलणी खाशील. खोट्या चावीवर तो तीन आठवडे चालत राहिला तर नुकसान कुणाचं आणि किती झालं ते कळणारसुद्धा नाही.

प्रत्येक फ्रेमवर्कने या प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं आहे, तेही पाहून ठेव. रूबी ऑन रेल्सला तू काही सांगितलं नाहीस तर ते डेव्हलपमेंट धरतं. नोडवरचं एक्स्प्रेसही तसंच, आणि मग चूक झाली की आतला सगळा माग ब्राउझरला पाठवतं. फ्लास्क मात्र डीबग बंद धरून चालतं. जँगो थोडं आडमुठं आहे आणि मला ते आवडतं. सिक्रेट की रिकामी असली तर ते सुरू होत नाही, आणि डीबग बंद करून कोणत्या नावांना उत्तर द्यायचं त्याची यादी भरली नाहीस तर कुणालाच धड उत्तर देत नाही. नव्याने शिकणारी मुलं यावर वैतागतात. तू वैतागू नकोस, ती कडी आहे.

आता चाव्यांबद्दल. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्सने 'ट्वेल्व-फॅक्टर ॲप' या नावाने बारा नियम मांडले. त्यातला तिसरा सेटिंग्जचा: ठिकाणागणिक जे बदलतं ते कोडमध्ये ठेवू नका, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. त्याने दिलेली कसोटी सोपी आहे. तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला तर एखादी चावी उघडी पडेल का? पडणार असेल तर काम राहिलेलं आहे. २०१६ साली उबरच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत हल्लेखोरांना क्लाउडची चावी सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. रिपॉझिटरी खासगी होती, हे लक्षात घे. तुमच्या एन्व्ही फाईलचं नाव गिटइग्नोरमध्ये आहे का ते आधी बघ. आणि एकदा जरी ती कमिट झाली असेल तर नुसती पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. चावीच बदलायची. शेजारी एक नमुना फाईल ठेव, तिच्यात सगळी नावं, खरी किंमत एकही नाही आणि प्रत्येक नावासमोर ते कशासाठी आहे याची एक ओळ. पुढच्या वर्षी येणारी तुझ्यासारखी मुलगी तुला दुवा देईल.

दुसरी काळजी, तालीम आणि प्रयोग यांच्यात अंतर किती ठेवायचं याची. भोवतीच्या किमती बदलाव्यात, जात बदलू नये. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि प्रॉडवर पोस्टग्रेस असे वेगळे डेटाबेस ही सोय वाटते, पण दोघांचे स्वभाव वेगळे. पत्त्याच्या रकान्याला पन्नास अक्षरांची मर्यादा घातलीस आणि स्क्रिप्टने थेट नोंदी भरल्यास, तर एसक्यूलाइट ती मर्यादा बघतही नाही, जेवढं दिलं तेवढं ठेवून घेतं. पोस्टग्रेस एक्कावन्नाव्या अक्षराला नोंद नाकारतं. आपल्या पेठांतले पत्ते तुला माहीत आहेत. घर नंबर, वाड्याचं नाव, अमक्या मारुतीच्या मागे, तमक्या हौदासमोर. पन्नास अक्षरं बोळाच्या तोंडाशीच संपतात. तालमीत सगळे पत्ते मावले आणि प्रयोगाच्या दिवशी एकही आत जाईना, असं होतं ते यामुळे. वेळेचंही तसंच. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीचं काम म्हणून लावलेला क्रॉन आपल्याकडे पहाटे साडेपाचला जागा होतो आणि मध्यरात्रीनंतरच्या साडेपाच तासांतल्या नोंदी आदल्या दिवसाच्या हिशेबात पडतात.

रंगीत तालीम प्रयोगासारखी हवी, पण खुर्च्या रिकाम्या हव्यात. यातला दुसरा भाग लोक विसरतात. खरा डेटा हवा म्हणून प्रॉडच्या डेटाबेसची प्रत उचलून स्टेजिंगवर टाकतात. स्टेजिंगला कुलपं सैल, डीबग चालू, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये पॅट्रिऑन या कंपनीचं नेमकं हेच झालं. त्यांच्या साइटची डीबग आवृत्ती बाहेरच्यांना दिसत होती आणि ज्या डेव्हलपमेंट सर्व्हरवर ती होती त्यावर प्रॉडक्शन डेटाबेसची प्रत होती. कंपनीने स्वतःच तसं जाहीर केलं. ज्या सर्व्हरवर खऱ्या माणसांची माहिती आहे तो प्रॉडच समज, त्याचं नाव काही का असेना. प्रत घ्यावीच लागली तर नावं, नंबर, ईमेल बदलून घे. ईमेल आणि एसएमएसची बटणं पहिल्या ढिगातली. बाहेर पाठवा असं नेमकं सांगितल्याशिवाय काहीही बाहेर जाता कामा नये.

आणि कुठे उभी आहेस ते दर वेळी डोळ्यांना दिसू दे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीचा एक इंजिनिअर दमलेला असताना दोन डेटाबेस सर्व्हरांवर काम करत होता. दोघांच्या नावांत एका आकड्याचा फरक. दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची म्हणून त्याने कमांड दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच उरले होते. बॅकअपच्या ठरलेल्या वाटा एकेक करून निकामी निघाल्या. शेवटी हाताशी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी स्टेजिंगसाठी काढून ठेवलेली प्रत. त्या कंपनीने काही लपवलं नाही, सगळी हकिगत स्वतः लिहून जगापुढे ठेवली, म्हणून आपण शिकू शकतो. तुझ्या प्रॉडच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल कर, त्यात 'प्रॉड' असं लिही. स्टेजिंगच्या ॲडमिन पानावर रुंद रंगीत पट्टी लाव. यात कमीपणा काही नाही. आणि बॅकअप आहे असं तेव्हाच म्हण, जेव्हा तो उतरवून पाहिलेला असेल.

आता आपल्या गावातली गोष्ट. गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठाकडे जाताना कॉसमॉस बँकेची इमारत लागते. १९०६ साली सुरू झालेली बँक, आपल्या पेठेतल्या कितीतरी घरांची खाती तिथे. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांवर, त्या बँकेच्या नावाने पैसे काढले गेले. सोमवारी १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगकडे वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. हा बाहेरून आखून केलेला हल्ला होता, कुणाची सेटिंग राहून गेली असं मी म्हणत नाही. पण त्याची रीत ऐक. एटीएमवरून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायची, खातं आणि शिल्लक तपासून उत्तर यायचं. हल्लेखोरांनी वाटेत खोटा स्विच उभा केला. तो काहीही न तपासता प्रत्येक विचारणेला हो म्हणत होता.

असा होकारार्थी मान डोलावणारा आपणही रोज बनवतो, चिऊ. डेव्हलपमेंटमध्ये पेमेंटची चाचणी करताना खरा गेटवे नको म्हणून एक नकली गेटवे लिहितो, तो प्रत्येक व्यवहार मंजूर करतो. ओटीपी कायम एकच ठेवतो. ॲडमिनला पासवर्डशिवाय आत घेतो. तालमीत हे लागतं. पण तो नकली गेटवे एका बटणाच्या अंतरावर प्रॉडमध्ये झोपलेला असेल, तर जे उभं करायला हल्लेखोरांना एवढा खटाटोप करावा लागला ते आपण त्यांना आयतं देऊन ठेवलं. म्हणून तालमीतलं सामान प्रयोगाच्या गाडीत चढवायचंच नाही. नकली गेटवेचा कोड प्रॉडच्या बांधणीत असूच नये, आणि चुकून आलाच तर ॲपने उठायला नकार द्यावा.

कायद्याच्या अंगानेही एक सांगून ठेवतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड सांगतो. तेव्हा प्रॉडवर चूक प्रेक्षकाला दिसायची नाही, याचा अर्थ ती गिळायची असा नाही. ती लॉगमध्ये पूर्ण उतरली पाहिजे आणि कुणालातरी लगेच कळली पाहिजे. फक्त लॉगमध्ये पासवर्ड आणि ओटीपी उतरणार नाहीत ते बघ. नाहीतर समोरचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. तीन दिवस घे. पहिल्या दिवशी फाईलमधल्या प्रत्येक ओळीसमोर लिही: विसरलं तर काय होईल? दुसऱ्या दिवशी दोन ढीग कर. तिसऱ्या दिवशी जँगोची डिप्लॉयसाठीची तपासणीची कमांड प्रॉडच्या सेटिंग्जवर चालव आणि ती जे जे बोट दाखवील ते टीम लीडसमोर ठेव. कुणाची चूक म्हणून ठेवू नकोस, उरलेलं काम म्हणून ठेव.

फीचर केलं की टाळ्या मिळतात, डेमोत नाव येतं. सेटिंग्ज नीट ठेवल्या तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. पण पलीकडे कुणीतरी आपली तपासणी, आपला पगार, आपल्या आईचं औषध तुमच्या ॲपवर विश्वासाने लिहीत असतं. त्या माणसाला तुझं नाव कधी कळणार नाही, पण त्याची झाकली मूठ तुझ्या या फाईलवर अवलंबून आहे.

उद्या ऑफिसात गेलीस की एवढं कर. तुमच्या प्रॉडच्या साइटच्या पत्त्यापुढे नसलेल्या पानाचं काहीतरी नाव लिही आणि एंटर दाब. साधं, सौम्य 'पान सापडलं नाही' आलं तर बरं. आतल्या सगळ्या वाटांची यादी दाखवणारं पान आलं तर चहा नंतर घे, आधी ते बंद कर. काय दिसलं ते रात्री फोन करून सांग, मी जागा असेन.

तुझा,
काका